उभ्या कॅम्पर व्हॅनची बॅटरी का उतरते? नवी घेण्याआधी मोजून बघा

गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ घेत नाही. बॅटरी नवी टाकली तरी थोड्या दिवसांत पुन्हा तेच. कॅम्पर व्हॅनवाल्यांची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यावरचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: कोणती बॅटरी उतरते? आणि निम्मे लोक इथेच अडखळतात. साध्या कारमध्ये एकच बॅटरी असते, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरसारखी व्हॅन घेऊन तिची कॅम्पर बनवली की गाडीत दोन बॅटऱ्या येतात. एक इंजिनाची, सेल्फ मारायची. दुसरी मागची, दिवे-पंखा-फ्रिज-पंप चालवायची. दोघींना जोडणारा एक दुवाही असतो, कारण मागची बॅटरी चालत्या गाडीत अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या जनरेटरवर, चार्ज व्हायला हवी असते. माझ्या मते कॅम्परमधल्या बॅटरीच्या कटकटींचं मूळ बॅटरीपेक्षा या दुव्यात जास्त वेळा सापडतं. पण तिथे जाण्याआधी बॅटरीला निर्दोष ठरवणं भाग आहे.

त्यासाठी लागतो दहा नंबरचा पाना आणि एक साधा मल्टिमीटर. बॅटरी चार्जर लावून पूर्ण भरा, नंतर चार-सहा तास तशीच राहू द्या. चार्जिंग संपल्या संपल्या घेतलेला व्होल्टेज फसवा असतो, तो वर चढलेला दिसतो. मग नेगेटिव्हचा क्लॅम्प काढून बाजूला बांधून ठेवा. नेगेटिव्हच आधी, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. हातातली अंगठी आणि कडंही काढून ठेवा. आता व्होल्टेज लिहून ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, आणि १२.० म्हणजे जेमतेम पाव. काहीही जोडलेलं नसताना ती १२.७ वरून १२.३ वर आली, तर बाहेर काही शोधू नका. आतला एखादा सेल गेलेला आहे. टोपणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल तपासा. पाच सेल एकसारखे आणि एक बराच खाली असा निकाल आला की वाद संपला.

उलट ती १२.६५ वर तशीच बसली असेल, तर बॅटरी ठीक आहे आणि गाडीतलं काहीतरी तिला खातंय. किंवा ती कधी पूर्ण भरतच नव्हती. ही तिसरी शक्यता लोक विसरतात, तिच्याकडे पुढे येतो.

उन्हाळ्याचा हिशेब मात्र धरा. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप थोडी उतरते, २५ अंश तापमानात महिन्याला काही टक्के. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळपास दुप्पट होतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी पुण्यातल्या तळघर-पार्किंगमधल्या गाडीपेक्षा लवकर उतरणारच. तरीही आठवड्यात झोपेल इतकी नाही. बॅटरीचा माथाही एकदा खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा करा, मात्र टोपणांतून पाणी आत जाऊ देऊ नका. धूळ, दमटपणा आणि ॲसिडची वाफ मिळून माथ्यावर थर बसतो आणि त्यातूनही बारीक करंट वाहतो. कोकणातल्या गाड्यांत हे हटकून दिसतं.

मागची बॅटरी लिथियम, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर व्होल्टेजवरून अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नका. ती बराच काळ १३.२-१३.३ च्या आसपास सपाट राहते आणि शेवटी एकदम घसरते. तिच्यासाठी शंटवाला बॅटरी मॉनिटर हवा. शंट म्हणजे नेगेटिव्ह वायरीत बसवलेली, जाणारा-येणारा करंट मोजणारी पट्टी. तो आहे आणि तरी टक्केवारी खोटी वाटते? मग एखादी नेगेटिव्ह वायर शंटच्या पलीकडे न जाता थेट बॅटरीच्या टर्मिनलवर बसवली आहे का ते बघा. त्या वायरवरून जाणारा करंट मॉनिटरला दिसतच नाही. पडद्यावर ऐंशी टक्के आणि बॅटरी बंद, हा चमत्कार असाच घडतो.

किती करंट चालतो, किती नाही

गाडी कुलूपबंद असतानाही थोडा करंट जातच असतो. घड्याळ, सेंट्रल लॉक, इमोबिलायझर आणि ईसीयूची (गाडीतल्या कंट्रोल कॉम्प्युटरची) स्मृती हे सगळं जिवंत ठेवायला साधारण २० ते ५० मिलिॲम्पियर लागतात. ५० मिलिॲम्पियर म्हणजे दिवसाला १.२ एएच (ॲम्पियर-अवर). ८० एएचची बॅटरी अर्धी व्हायला या हिशेबाने महिना लागतो. तोच करंट अर्धा ॲम्पियर झाला की दिवसाला १२ एएच, आणि तीन-चार दिवसांत बॅटरी निम्म्यावर. म्हणजे गाडी किती दिवसांत बसते यावरून आपण किती मोठा करंट शोधतोय याचा अंदाज आधीच बांधता येतो. एका रात्रीत बसत असेल तर तीन-चार ॲम्पियरचं काहीतरी चालू आहे. ते बहुधा डोळ्याला दिसेल किंवा हाताला गरम लागेल. तीन आठवड्यांत बसत असेल तर शोध शंभर मिलिॲम्पियरच्या आसपासचा आहे, आणि त्यासाठी नीट मोजमाप लागेल.

मोजायला सगळ्यात सोयीचा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा. पण घेताना डीसी करंट मोजणाराच घ्या. घरच्या वायरमनकडे असतो त्यातले बरेच फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवतात. मग मालक निर्धास्त होतो आणि गाडी पुन्हा बसते. डीसी क्लॅम्पला शून्यावर आणायचं बटण असतं. ज्या जागी आणि ज्या दिशेला मोजणार, तिथेच धरून शून्य करा, कारण नुसता हात फिरवला तरी पृथ्वीच्या चुंबकत्वाने आकडा हलतो. वीस-तीस मिलिॲम्पियरचा फरक त्यातच निघून जातो.

साध्या मल्टिमीटरनेही काम होतं, फक्त शिस्त पाळावी लागते. लाल प्रोब १० ॲम्पियरच्या भोकात. गाडीची किल्ली खिशात, कारण बॅटरी सुटल्या-जोडल्यावर काही गाड्यांची दारं आपोआप लॉक होतात. दारं बंद, किंवा दार उघडं ठेवणं गरजेचं असेल तर त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ स्थितीत आणायचं, म्हणजे आतला दिवा आणि दाराचा स्विच फसतो. बॉनेटला स्विच असेल तर तोही दाबून बांधा. अर्धा तास थांबा. नव्या गाड्यांचे ईसीयू किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त जागे असतात आणि तेवढा वेळ काही ॲम्पियरही खाऊ शकतात. त्या वेळात घेतलेला आकडा धरून वायरिंग फाडत बसणारे मेकॅनिक काही कमी नाहीत.

मग मीटरचा एक चिमटा नेगेटिव्ह टर्मिनलला, दुसरा त्यावर बसलेल्या केबलच्या क्लॅम्पला. दोन्ही लागल्यावरच क्लॅम्प सावकाश उचलायचा. करंट मीटरमधून जाऊ लागतो, मध्ये खंड पडत नाही आणि झोपलेले ईसीयू उठत नाहीत. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही चालू करायचं नाही, दारही उघडायचं नाही. काम झाल्यावर लाल प्रोब पुन्हा व्होल्टच्या भोकात. तो १० ॲम्पियरमध्येच राहिला आणि पुढच्या वेळी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर टेकवला तर थेट शॉर्ट होतो.

फ्यूज काढत सुटण्याआधी

आकडा मोठा आला की जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपसायचा आणि मीटर बघायचं. चालतं, पण फ्यूज परत बसवताना तो भाग जागा होतो आणि पुन्हा अर्धा तास वाट बघावी लागते. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांवर प्रोब टेकवून मिलिव्होल्ट मोजा. करंट जात नसेल तर शून्य. दहा ॲम्पियरच्या छोट्या ब्लेड फ्यूजवर एक मिलिव्होल्ट दिसला तर ढोबळमानाने सव्वाशे-दीडशे मिलिॲम्पियर जातोय असं समजा. मोठ्या ॲम्पियरच्या फ्यूजवर तेवढ्याच करंटला आकडा कमी दिसतो. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, कोणत्या फ्यूजवर काहीतरी दिसतंय हे महत्त्वाचं. अख्खा बॉक्स पाच मिनिटांत बघून होतो आणि काहीच उपसावं लागत नाही.

सगळे फ्यूज शून्य आणि मीटर मात्र करंट दाखवतोय, असं कॅम्परमध्ये बऱ्याचदा होतं. कारण नंतर बसवलेल्या वस्तू कंपनीच्या फ्यूज बॉक्समधून जातच नाहीत. बसवणाऱ्याने घाईत थेट बॅटरीच्या टर्मिनलवर रिंग ठोकलेली असते. पॉझिटिव्ह टर्मिनलवर एकावर एक चढलेल्या पाच रिंगा दिसल्या की तिथेच बसायचं, आणि एकेक वायर क्लॅम्प मीटरमधून घालून बघायची. अल्टरनेटरची जाड वायरही त्यात येते. तिच्यातून गाडी बंद असताना करंट उलटा जात असेल तर अल्टरनेटरचा डायोड गळतोय. अशी गाडी चालताना चार्जिंग दाखवत राहते, म्हणून त्यावर संशय उशिरा जातो.

आता नेहमीचे संशयित. जुनी टूरची ट्रॅव्हलर घेऊन कॅम्पर बनवली असेल तर डॅशबोर्डच्या मागे जीपीएस ट्रॅकर असण्याची शक्यता मोठी. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या सरकारी मानकाचा ट्रॅकर आणि पॅनिक बटणं आली. त्याआधीच्या गाड्यांतही मालक आपापले ट्रॅकर लावत. कधी दोन मालकांचे दोन सापडतात. पहिल्याचं सिम केव्हाच बंद झालेलं, तरी बिचारा नेटवर्क शोधत दिवसरात्र करंट पीत असतो. गाडी अजून प्रवासी परवान्यावर असेल तर सक्तीचा ट्रॅकर काढू नका, फक्त बेवारस असलेला काढा. फास्टॅगवरही संशय घेणारे भेटतात. त्या स्टिकरचा बॅटरीशी काही संबंध नाही. टोलनाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच त्याचं काम भागतं.

म्युझिक सिस्टिम हा दुसरा. बाहेरच्या स्टिरिओला पिवळी वायर कायमच्या करंटची आणि लाल किल्लीच्या करंटची असते. किल्लीशिवाय गाणी ऐकता यावीत म्हणून दोन्ही एकत्र पिळून पिवळीवर जोडलेल्या असतात. स्टिरिओचा पडदा बंद दिसतो, आतलं यंत्र जागंच. त्याला ॲम्प्लिफायर जोडलेला असेल तर तोही जागा. डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा, व्होल्टेज दाखवणारे निळे यूएसबी सॉकेट हे एकेकटे किरकोळ वाटतात, पण वीस-तीस मिलिॲम्पियरचे पाच-सहा जण एकत्र आले की दिवसाला तीन-चार एएच सहज जातात.

मागच्या बाजूला मोठा खादाड म्हणजे इन्व्हर्टर. त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी हजार वॉटचा साइन वेव्ह इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी ॲम्पियरभर घेऊ शकतो. दिवसाला २४ एएच. शंभर एएचची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरायची म्हटली तर दोन दिवसांचा खेळ. त्याचं बटण बंद केल्यावरही करंट शून्य होतो का, ते क्लॅम्पने बघा. रिमोट पॅनलचं बटण आणि यंत्रावरचं बटण यांत फरक असतो. कंप्रेसरवाला फ्रिज चालू असताना चार-पाच ॲम्पियर घेतो, पण तो घेतोय हे मालकाला माहीत असतं, म्हणून तो फारसा फसवत नाही. गॅसचा अलार्म मात्र विसरला जातो. ०.१ ॲम्पियर म्हटला तरी महिन्याला सत्तर एएच होतात. सिलिंडर गाडीत असेपर्यंत अलार्म बंद करायचा नाही. लांबच्या मुक्कामासाठी गाडी उभी करताना सिलिंडर उतरवा आणि मग अलार्मचा फ्यूज काढा.

दोन बॅटऱ्यांचा दुवा

इथे जरा थांबू, कारण लक्षण एका बॅटरीत आणि रोग दुसरीकडे, हा प्रकार इथला.

पहिली परीक्षा फुकटची आहे. इंजिन बंद, छतावरचा सोलर पॅनल झाकलेला किंवा त्याची वायर सोडवलेली, आणि मग दोन्ही बॅटऱ्यांचे व्होल्टेज एकामागून एक मोजा. एकीचा १२.६८ आणि दुसरीचाही १२.६८ असे शतांशापर्यंत जुळले तर त्या बहुधा जोडलेल्याच आहेत. खात्री करायला मागचा पंखा आणि सगळे दिवे लावा. इंजिनाच्या बॅटरीचा व्होल्टेजही सोबत खाली उतरला, तर दुवा तुटलेला नाही. तो गाडी बंद झाल्यावर तुटायला हवा होता.

का तुटत नाही? दुवा म्हणून साधा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) असेल तर त्याचे संपर्क करंटच्या उष्णतेने चिकटले असतील. टकटक वाजवलं की क्षणभर सुटतो आणि पुन्हा चिकटतो, त्याला बदलण्यावाचून उपाय नाही. किंवा रिले जोडणाऱ्या कॉइलची वायर किल्लीच्या करंटवर न घेता कायमच्या करंटवर घेतलेली असेल. व्होल्टेज बघून स्वतः जोडणारा-तोडणारा रिले असेल तर गोष्ट वेगळी. असे रिले साधारण १३.३ वर जोडतात आणि १२.८ च्या आसपास सोडतात. दोन्हीकडे लेड-ॲसिड असताना हे गणित उत्तम जमतं, कारण इंजिन बंद झालं की व्होल्टेज आपोआप १२.८ च्या खाली येतो.

आता मालकाने हौसेने मागची बॅटरी लिथियमची केली आणि रिले तोच ठेवला. लिथियम विश्रांतीतसुद्धा १३.२-१३.३ वर असते. रिलेला वाटतं अजून चार्जिंग चालू आहे, आणि तो सोडतच नाही. मागचं सगळं बंद असताना ही लिथियम बॅटरी पुढच्या बॅटरीला, ट्रॅकरला, स्टिरिओला आणि वर रिलेच्या स्वतःच्या कॉइलला पोसत राहते. अगदी तळाशी पोचल्यावरच व्होल्टेज १२.८ च्या खाली जातो. मालक मागच्या वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो आणि ट्रॅकर निवांत पुढे बसलेला. मागची बॅटरी लिथियम केली की हा रिले काढून डीसी-टू-डीसी चार्जर (पुढच्या बाजूचा करंट घेऊन मागची बॅटरी तिला हव्या त्या व्होल्टेजने भरणारं यंत्र) बसवायचा, यात काटकसर करू नये. बीएस-६ गाड्यांपैकी ज्यांत व्होल्टेज कमी-जास्त करणारा स्मार्ट अल्टरनेटर आहे, त्यांतही हाच मार्ग. तिथे रिले चालत्या गाडीत अधूनमधून सुटतो आणि मागची बॅटरी अर्धवटच भरते.

पण डीसी-टू-डीसी चार्जरलाही ‘इंजिन चालू आहे’ हे कळवणारी एक बारीक वायर लागते. ती इग्निशनवर घ्यायला डॅशबोर्ड उघडावा लागतो, म्हणून पुष्कळदा ती जवळच्या कायमच्या पॉझिटिव्हवर टेकवलेली सापडते. मग गाडी उभी असताना चार्जर इंजिनाच्या बॅटरीतला करंट उपसून मागच्या बॅटरीत भरत राहतो. दुसऱ्या दिवशी मागची तुडुंब आणि पुढची रिकामी. हा नमुना दिसला की दुसरं काही बघू नका, ती वायर बघा. त्यात भर म्हणून सोलरवरून पुढच्या बॅटरीला थेंब थेंब चार्ज देणारं यंत्रही लावलेलं असेल, तर करंट पुढून मागे आणि मागून पुढे गोल फिरतो आणि प्रत्येक फेरीत थोडा उष्णतेत जातो.

काहीच खात नसेल तर

सगळं मोजलं, ३० मिलिॲम्पियर आले, दुवाही नीट तुटतो, तरी बॅटरी बसते. मग दोन वाटा. एक, करंट अधूनमधून जात असेल. मीटरला कमाल-किमान नोंद ठेवायची सोय असेल तर ती लावून रात्रभर सोडा. रात्रीच दिसणारा करंट असेल तर सोलरची बाजू बघा. सोलर पॅनल आणि बॅटरी यांच्यामधल्या बिघडलेल्या चार्ज कंट्रोलरमधून अंधारात करंट उलटा पॅनलकडे जाऊ शकतो. पावसातच दिसत असेल तर पाणी कुठे शिरतंय ते शोधा: मागच्या दिव्याचा होल्डर, छतावरच्या केबलचा शिरकाव, आणि पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत येऊन वायर कुरतडणारे उंदीर.

दुसरी वाट म्हणजे बॅटरी भरतच नाही. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून बॅटरीच्या टर्मिनलवर १३.८ ते १४.४ यायला हवेत. स्मार्ट अल्टरनेटरवर कमी दिसू शकतात, तिथे गाडी थोडी फिरवून पुन्हा बघा. कमी असतील तर अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टवर मोजा. तिथे १४.२ आणि बॅटरीवर १३.४ म्हणजे मधल्या वायरीत किंवा अर्थिंगच्या पट्टीत नुकसान होतंय. इंजिन ते चासीस आणि चासीस ते बॅटरी या पट्ट्यांचे बोल्ट उघडून, गंज घासून, पुन्हा आवळा. किनाऱ्यावरच्या गाड्यांना हे दरवर्षी करावं लागतं. मागची बॅटरी गाडीच्या शेवटी असेल आणि तिथवर बारीक वायर नेली असेल तर हिशेब तसाच कोसळतो. महिन्यातून एकदा गाडी सोसायटीबाहेर काढून पंधरा मिनिटं फिरवून आणणं हा चार्जिंगचा उपाय नव्हे. सेल्फने खाल्लेलं कसंबसं भरून निघतं, आधीची तूट तशीच राहते. छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी गाडी शेडखाली उभी आहे हे लक्षात घ्यावं, आणि कोकणातला जुलै डोळ्यांसमोर आणावा.

दोष सापडून दुरुस्त झाला, आणि तरी गाडी महिना-दोन महिने उभीच राहणार असेल, तर नेगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवा. इन्व्हर्टर आणि मागच्या वस्तू त्या स्विचच्या अलीकडे, म्हणजे थेट बॅटरीवर, राहिल्या नाहीत ना, हे क्लॅम्पने एकदा तपासा. कायदेशीर ट्रॅकर आणि सोलर कंट्रोलर यांना स्वतंत्र फ्यूज देऊन बॅटरीच्या बाजूला ठेवावं लागतं. सोसायटीने पार्किंगमध्ये सॉकेट दिलं तर बॅटरी भरली की फ्लोटवर (ती नुसती भरलेली राखणाऱ्या कमी व्होल्टेजवर) येणारा छोटा स्वयंचलित चार्जर लेड-ॲसिडसाठी सर्वांत चांगला. लिथियमला तो लावू नका. ती निम्मी भरलेली ठेवून मेन स्विच बंद करा, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा मॉनिटर बघा.